हाडाची सुगरण

श्रावणातल्या एका सकाळी आई प्राजक्ताची फुलं वेचायला मागच्या अंगणात गेली आणि शेवाळलेल्या शहाबादी फरशीवरून घसरली. पडताना कुणीही करेल तेच तिनं केलं, हात टेकला. मनगट असं काही वाकलं की बाजूनं बघताना जेवणाचा काटा उपडा ठेवल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी फोटो काढायच्या आधीच सांगितलं, "आजी, हे कॉलिस फ्रॅक्चर." अब्राहम कॉलिस हे डब्लिनचे शल्यचिकित्सक. त्यांनी या मोडीचं वर्णन १८१४ मध्ये लिहिलं, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षं अवकाश होता.

प्लॅस्टर चढलं. आईचं एकच पालुपद : "या वयात हाडाचं लाकूड होतं रे. वाळकं लाकूड कुठं सांधतं?"

लाकूड नाहीच सांधत. पण आपण हाडं पाहतो ती बहुतेक मेलेली. शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा, नाहीतर तिसऱ्या दिवशी राखेतून सावडलेल्या अस्थी. त्या अस्थींत उरतो तो फक्त खनिजाचा भाग. हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजेन चितेत जळून गेलेलं असतं, म्हणून तर ते तुकडे बोटांत चुरतात. जिवंत हाडात रक्त खेळतं, आणि ते मोडलं की दुखतं किती, ते आईला विचारावं.

मोडल्या जागी आधी रक्त साकळतं. मग तिथं कूर्चेसारखी मऊ गाठ धरते, त्या गाठीत खनिज भरत जातं आणि ती टणक होते. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, तेव्हा मोडीभोवती ढगासारखा पांढुरका फुगवटा दिसला. "हाही पुढं झिजेल," ते म्हणाले, "हाड स्वतःलाच तासून घेतं." कातडी कापली तर व्रण राहतो. हाड मात्र नीट जुळलं तर हाडानंच भरून येतं.

हे तासणं-भरणं मोड नसतानाही चालूच असतं. काही पेशी जुनं हाड विरघळवत जातात, मागून येणाऱ्या दुसऱ्या पेशी खळगा भरतात. साधारण दहा वर्षांत जवळजवळ सगळा सांगाडा असा नव्यानं बांधून होतो. भाडेकरू तेच, वाडा मात्र विटाविटांनी बदललेला! शिवाय या वाड्यात कोठारही आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते, आणि रक्तात ते कमी पडलं की हाड आपल्यातलं काढून देतं. पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांत भरण्यापेक्षा झीज वाढते. नुसत्या हात टेकण्यानं आईचं मनगट का मोडलं, याचं उत्तर फरशीत अर्धंच होतं. उरलेलं या हिशेबात होतं.

रक्तही हाडातच तयार होतं. कंबरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी घडवतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही म्हणता म्हातारी नुसती बसून असते."

आईला सगळे 'हाडाची सुगरण' म्हणतात. आपल्या बोलण्यात हाडाचं म्हणजे उपजत, कधी न बदलणारं. मला आता या शब्दाची गंमत वाटते. युलियस वुल्फ या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९२ मध्ये मांडलं की हाडावर जसा भार पडतो तसं ते आपली घडण बदलतं. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. अंतराळात वजनच नसल्यानं अंतराळवीरांच्या कंबरेचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरतं. म्हणजे हाडाचं जे असतं, ते रोजच्या वापरानं तसं झालेलं असतं. आईच्या मनगटात पन्नास वर्षांचं लाटणं असणार.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतला हात बारीक, फिकट, कोंडा धरलेला निघाला. व्यायाम म्हणून दाबायला स्पंजचा चेंडू मिळाला. तो दोन दिवसांत नातवाकडे गेला, आणि आईनं परात पुढं ओढली. "अगं, डॉक्टरांना विचारू तरी," मी म्हटलं. तिनं उत्तरही दिलं नाही. मूठ पुरती वळत नव्हती, म्हणून तळव्यानंच रेटत राहिली. दर रेट्याला ओठ मुडपत होती. बऱ्याच वेळानं थांबली, कणकेत बोट रुतवून बघितलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सैल झालीय. मूठभर पीठ घाल वरून."