मुलाची ओढ आणि बापाचा धीर

मूल मातृभाषा शिकतें तेव्हां त्याला कोणी वेळापत्रक आंखून देत नाहीं. पुढचें शिक्षणही असेंच, घरीं, मुलाच्या ओढीनें व्हावें, असें अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचें मत झालें होतें. वर्गांतलीं मुलें विचार करण्याऐवजीं शिक्षकाला हवें तें उत्तर हुडकीत असतात, हें त्यांनीं १९६४ सालच्या ‘हाउ चिल्ड्रेन फेल’ या पुस्तकांत दाखविलें. १९७७ सालीं तर शाळेवांचून शिकणाऱ्या कुटुंबांसाठीं नियतकालिकच काढलें.

‘सर, हें परीक्षेला आहे काय?’ हा प्रश्न ऐकण्यांत आमचा अर्धा जन्म गेला असल्यामुळें हें निदान आम्हांस पटतें. उपायापाशीं मात्र पाऊल अडखळतें. समजा, आठ वर्षांचा मुलगा वाचावयास तयार नाहीं. दिवसभर जुनीं घड्याळें खोलीत बसतो. बापानें थांबावें तरी किती? दहाव्या वर्षीं मुलगा आपण होऊन पुस्तकांत बुडाला, तर बापाच्या श्रद्धेचें कौतुक होईल. न बुडाला, तर? धीर बापानें धरला. किंमत मुलानें मोजावयाची! न शिकविण्याचा निर्णयही अखेर मुलाच्या वतीनें दुसऱ्यानेंच घेतलेला असतो.

शिवाय मुलाच्या प्रश्नांसाठीं दिवसभर घरीं कोणी तरी हवें. बहुधा ती आईच. तिची ओढ कशांत आहे, हें या वादांत कोणी विचारल्याचें आम्हीं क्वचितच ऐकिलें आहे.