झाकलेले आजारपण

आपल्या मराठी घरांत दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ समर्थांचे मनाचे श्लोक म्हणण्याची रीत होती. मनालाच उद्देशून रचलेल्या या दोनशे पाच श्लोकांचा वारसा ज्या घरांनी जपला, त्याच घरांत मन आजारी पडले की दारे लावून घेतली जातात. ही विसंगती निवृत्तीनंतरच्या निवांत दिवसांत मला फार जाचू लागली आहे.

आमच्याच कुटुंबात हे घडले. माझे एक चुलतबंधू ऐन तारुण्यात अबोल झाले. झोप उडाली, नोकरी सुटली. पाहुण्यांना 'पोटाचा विकार आहे' असे सांगावे, असे वडीलधाऱ्यांनी ठरविले आणि मीही तेच सांगत राहिलो. शासकीय सेवेत असल्याने डॉक्टरांची माहिती मला होती. नागपूरही काही फार दूर नव्हते. परंतु बहिणींची लग्ने व्हायची होती, म्हणून आम्ही थांबलो. लग्ने यथासांग पार पडली. दादांची मात्र वीस वर्षे मागच्या खोलीत गेली.

'घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?' असे आपण म्हणतो. हा प्रश्न अगदीच गैर नाही. आपल्या आजाराची वाच्यता होऊ नये, हा रुग्णाचा अधिकारच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही तो मान्य केला आहे. पण गोपनीयता रुग्णाची असते आणि अब्रू घराण्याची. गोपनीयता रुग्णाबरोबर डॉक्टरांच्या दारापर्यंत जाते. अब्रू त्याला उंबरठाच ओलांडू देत नाही. दादांना काय हवे आहे, हे आम्ही त्यांना कधी विचारलेच नाही. यावरूनच आम्ही दोहोंपैकी काय जपत होतो, ते उघड होते.

कायद्याची दृष्टी या बाबतीत समाजाच्या पुढे गेली आहे. मे २०१८ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. जिथे पूर्वी गुन्हा दिसत होता, तिथे आता वेदना दिसू लागली आहे.

तथापि केवळ लाजेलाच दोष देणे पुरेसे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशाचाही समावेश होता. मानसिक विकार असलेले बहुसंख्य लोक उपचारांपासून वंचित असल्याचे त्यातून दिसून आले. तज्ज्ञ थोडे, अंतरे मोठी आणि मजुरी बुडवून जाणे कठीण, हीही कारणे आहेतच. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते. पण तो क्रमांक फिरविण्याचे धैर्य घरातल्या माणसांनीच द्यावे लागते.

आपली भरवेली मँगनीजच्या खाणीची वस्ती आहे. भूमिगत खाणीत उतरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली जाते. पाळी संपल्यावर तो वर आला की नाही, हे पाहिले जाते. न आल्यास 'मन घट्ट कर' असा निरोप कोणी खाली धाडत नाही. त्याला आणायला माणसे उतरतात. खाली अडकणे हा त्याचा दुबळेपणा आहे, असेही कोणी म्हणत नाही.

समाजाचे मानसिक आरोग्य म्हणजे, माझ्या मते, अशीच नोंद ठेवणे होय. मंडळाच्या बैठकीला, हळदीकुंकवाला, गणेशोत्सवाला नेहमी येणारे कोणी दिसेनासे झाले, तर चौकशी करावी. चौकशी कुतूहलाने नव्हे, आपुलकीने करावी. तेथे उपदेश न करता ऐकून घ्यावे आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत सोबत जावे.

दादा आता नाहीत. त्यांना पोटाचा विकार कधीच नव्हता. एवढे एक वाक्य लिहिण्यास मला साठी ओलांडावी लागली. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजही एखादी मागची खोली बंद असेल, तर तिचे दार उघडण्यास इतका उशीर होऊ नये.