काय पाहायचे, काय वगळायचे: गटेचा रोमप्रवास आणि श्रद्धेचा प्रश्न

युरोपातल्या चार-पाच शहरांच्या सहलीचा बेत हा मुळात वगळण्याचा हिशेब असतो. शरद ऋतूच्या अखेरीस तो आणखी कडक होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतली जातात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोममध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उजेडात पाहण्याजोग्या स्थळांत मोठा वाटा चर्च, कॅथेड्रल आणि मठांचा असतो. तिथे जाणाऱ्यांपैकी कित्येक जण ख्रिस्ती नसतात, कित्येक नावापुरतेच असतात. श्रद्धेशिवाय देवस्थान पाहणाऱ्याला काय दिसते आणि कुठे थांबायचे हे तो कशाच्या आधारावर ठरवतो, हा प्रश्न जितका पर्यटनाचा तितकाच धर्मविचाराचाही आहे.

खुद्द ख्रिस्ती परंपरेत प्रवासाबद्दल एकमत कधीच नव्हते. चौथ्या शतकातला धर्मशास्त्री नायसाचा ग्रेगरी स्वतः जेरुसलेमला जाऊन आलेला होता. तरीही जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, असे त्याने एका पत्रात बजावले. दुसरीकडे १३०० साली पोप आठवा बोनिफास याने रोममध्ये ज्युबिली वर्ष जाहीर केले. पापांच्या शिक्षेतून सुटका हवी असलेल्यांनी संत पीटर आणि संत पॉल यांच्या बॅसिलिकांना भेट द्यायची होती. रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस, बाहेरून आलेल्यांनी पंधरा. कुठे जायचे आणि किती दिवस, हे धर्मसंस्थेनेच आखून दिले होते. यात्रेकरूला फक्त चालायचे होते. काय पाहण्यासारखे आहे हे प्रवाशाने स्वतः ठरवायचे, ही नंतरची गोष्ट. तिच्याबरोबर जी अडचण आली ती जर्मन कवी गटे याच्या प्रवासात फार स्पष्ट दिसते.

३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीन वाजता गटे कार्ल्सबादहून कोणाला न सांगता निघाला. वय सदतीस, वायमारच्या दरबारात मंत्रिपद आणि प्रवासासाठी घेतलेले खोटे नाव: योहान फिलिप म्योलर. ब्रेनर खिंड, व्हेरोना, व्हिचेंझा, पादुआ असे करत २८ सप्टेंबरला तो व्हेनिसला पोहोचला आणि तिथे दोन आठवड्यांहून अधिक रमला. नंतर मात्र घाई सुटली. फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम तीन तास आले. रेनेसाँसच्या या शहराचे गटेने नुसते मुखदर्शन घेतले, असे म्हणावे लागते. घाईचे एक कारण त्याने स्वतः नोंदवले आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. एकेका संताचा रोममध्ये एवढा मान, तर सगळ्यांचा मिळून सण केवढा असेल, असे त्याला वाटत होते. प्रॉटेस्टंट घरात वाढलेला आणि चर्चपासून दूर गेलेला हा माणूस आपला मार्ग कॅथलिक पंचांग बघून आखत होता. पण हे कारण आपण स्वतःलाच पटवून दिले होते, असेही तो तिथेच सुचवतो.

वाटेत असिसी लागले. संत फ्रान्सिसचे हे गाव. त्याच्या समाधीवर उभारलेल्या बॅसिलिकेचे काम १२२८ मध्ये सुरू झाले आणि तिच्या भिंतींवरची चित्रे युरोपच्या चित्रकलेला वळण देणारी मानली जातात. गटेने पायथ्याशी गाडी सोडली, सोसाट्याच्या वाऱ्यात एकट्याने चढण चढली आणि बॅसिलिकेच्या अवाढव्य बांधकामाकडे नाखुशीने पाठ फिरवून तो गावच्या चौकात गेला. तिथे सहा कोरिंथियन खांबांची दर्शनी बाजू असलेले मिनर्व्हाचे रोमन मंदिर उभे होते. त्याच्यासमोर तो भान हरपून उभा राहिला. हे मंदिर सोळाव्या शतकापासून चर्च आहे, आणि त्याचे आतले रूप गटेला दर्शनी बाजूइतके महत्त्वाचे वाटले नाही. उतरताना शस्त्रधारी शिपायांनी त्याला अडवले. हा संताला नमस्कार न करताच परत निघालेला माणूस त्यांना चोरट्या व्यापारातला वाटला. आपण वास्तुकार आहोत आणि फक्त मिनर्व्हाचे मंदिर पाहायला आलो होतो, असे सांगून त्याने सुटका करून घेतली.

त्या शिपायांचा संशय हास्यास्पद असला तरी त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती: असिसीला येऊन फ्रान्सिसला टाळणे हे सहज घडत नाही. गटेचे वगळणे ही एक निवड होती. वाहन सोडणे, पायी चढणे, एकाच वस्तूसाठी बाकी सगळे बाजूला सारणे हे सगळे यात्रेकरूचेच वागणे. फक्त आराध्य बदललेले. त्याच्या लेखी पवित्र होते ते प्राचीन शिल्पस्थापत्य. वडिलांनी १७४० मध्ये इटली पाहिली होती आणि फ्रँकफुर्टच्या घरात रोमची चित्रे टांगलेली होती. त्या चित्रांखाली वाढलेल्या मुलाची ही श्रद्धा तशी वंशपरंपरागतच होती. सहलीची यादी श्रद्धारहित असते, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. जिथे वेळ अपुरा आहे तिथे प्रत्येक निवड कशाला तरी वरचे स्थान देते. त्या क्रमाची कबुली देण्याची गरज पर्यटकाला वाटत नाही, एवढेच.

२९ ऑक्टोबरला गटे रोमला पोहोचला. सर्व संतांच्या दिवशी त्याची निराशा झाली. डोळ्यांत भरेल असा सार्वजनिक सोहळा कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांचा स्मरणदिन होता आणि क्विरिनाल राजवाड्याच्या चॅपेलमध्ये पोप सहावा पायस स्वतः मिस्सा अर्पण करणार होता. प्रवेश सर्वांना खुला होता. चित्रकार टिशबाइनला घेऊन गटे तिथे गेला. पोपची भव्य मूर्ती पाहून त्याच्या मनात एक विलक्षण ओढ जागी झाली: या धर्मप्रमुखाने मुक्तात्म्यांच्या आनंदाबद्दल काही बोलावे, आपल्यालाही त्या आनंदात ओढून घ्यावे. पोप मात्र वेदीच्या या बाजूकडून त्या बाजूला जात एखाद्या साध्या पाद्र्यासारखा पुटपुटत राहिला. आपल्यातले प्रॉटेस्टंट आदिपाप उसळून आले, असे गटे मिस्कीलपणे लिहितो. त्याने टिशबाइनला बाहेर पडून राजवाड्यातली चित्रे पाहायला सुचवले.

हा प्रसंग गटेच्या ज्या प्रवासग्रंथात येतो तो १८१६-१७ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, जुन्या पत्रांवर हात फिरवून तयार झाला, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्यातली अपेक्षा आणि भ्रमनिरास दोन्ही खरे वाटतात, कारण चूक अगदी नैसर्गिक आहे. त्या दिवशीची मिस्सा उपस्थितांना काही दाखवण्यासाठी नसतेच. कॅथलिक शिकवणीनुसार ती शोधनस्थानातल्या आत्म्यांसाठी अर्पण केली जाते. पुटपुटणे देवाला उद्देशून असते आणि त्याचे फळ मृतांना मिळावे अशी प्रार्थना असते. गटे मात्र स्वतःला श्रोता समजत होता. श्रद्धाळू आणि प्रेक्षक यांच्यातला खरा फरक इथे सापडतो. तो डोळ्यांत किंवा भावनेच्या तीव्रतेत नाही, कारण गटेची भावना चॅपेलमधल्या कोणाहून कमी नव्हती. फरक आहे तो विधीत आपली जागा कोणती हे मानण्यात. प्रेक्षक काही मिळवण्यासाठी येतो, तर प्रार्थना करणारा दुसऱ्या कोणासाठी तरी काही देण्याकरता.

तरीही चर्चमध्ये पाहणे ही बाहेरून घुसलेली गोष्ट मानता येत नाही. इ. स. ६०० च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने मार्सेच्या बिशपला लिहिले होते की, ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना चित्रे वाचता येतात, म्हणून ती फोडू नयेत. वेदीवरची चित्रे बघण्यासाठीच रंगवली जात. गुंतागुंत पुढे वाढली. क्विरिनालमध्ये गटेने पाहिलेल्या चित्रांत ग्वेर्चिनोचे संत पेत्रोनिलाच्या दफनाचे भव्य चित्र होते. ते मुळात संत पीटरच्या बॅसिलिकेतल्या वेदीसाठी काढलेले. तिथे त्याची मोझेकमधली प्रतिकृती बसवली गेली आणि मूळ चित्र राजवाड्यात आले. आज मूळ चित्र रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात आहे. उपासना प्रतिकृतीपुढे चालते, रसिक अस्सलासमोर उभे राहतात. कोणाच्या वाट्याला खरी वस्तू आली, याचे उत्तर ‘खरी’ कशासाठी यावर ठरते. विधीसाठी मोझेक काडीमात्र कमी नाही.

आजचा बेत आखणाऱ्याला हा तिढा वेळापत्रकातच भेटतो. १ नोव्हेंबरला व्हॅटिकनची संग्रहालये बंद असतात, तर संत पीटरच्या बॅसिलिकेत त्याच दिवशी सणाच्या मिस्सा होतात. इटली, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि पोलंडमध्ये ती सार्वजनिक सुट्टी आहे. दुकाने आणि कचेऱ्या बंद, दफनभूमींकडे मात्र दिवसभर रीघ. व्हिएन्नाची मध्यवर्ती दफनभूमी १८७४ मध्ये याच दिवशी सुरू झाली. बीथोव्हेन आणि शूबर्ट यांच्या कबरी पाहायला आलेला प्रवासी त्या दिवशी गेला, तर त्याच्या आजूबाजूला आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावणारी कुटुंबे असतात. तिथे कॅमेरा बाहेर काढावा की नाही, हे कोणतीही मार्गदर्शिका ठरवून देऊ शकत नाही.

प्रेक्षक कोण आणि उपासक कोण, हा प्रश्न रोमच्या पँथिऑनमध्ये सरकार आणि चर्च यांनी आपल्या परीने सोडवला आहे. इ. स. ६०९ मध्ये हे रोमन मंदिर मारिया आणि हुतात्म्यांना अर्पण केले गेले. सर्व संतांच्या सणाचे एक मूळ या अर्पणात शोधले जाते. वास्तू सरकारच्या मालकीची आहे आणि चालते चर्चही आहे. जुलै २०२३ मध्ये ती पाहायला येणाऱ्यासाठी पाच युरोंचे तिकीट सुरू झाले. त्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा सांस्कृतिक मंत्रालयाला आणि तीस टक्के रोमच्या धर्मप्रांताला जातो. मिस्सेसाठी येणाऱ्याला तिकीट नाही, आणि मिस्सेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. श्रद्धा कोणी तपासत नाही. विधीच्या वेळी आत येऊन शेवटपर्यंत बसणारा उपासक धरला जातो.