जितका विश्वास, तितकीच सही

काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट भागात मराठी ब्राह्मणांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मूळ कोकणातल्या अशाच एका घराण्यात 1825 मध्ये जन्मलेले आणि या शहरात शास्त्रं शिकलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांनाही फारसे आठवत नाहीत. नारायण वामन टिळकांची भजनं आमच्या अहमदनगरात लहान मुलं म्हणतात. गोऱ्ह्यांविषयी मात्र मी नीट वाचलं ते बदली होऊन वाराणसीला आल्यावर.

शास्त्रीबुवा मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले होते. कंपनी सरकारातले अधिकारी जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला त्यांनी ऐन विशीत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिलं. प्रतिपक्ष खोडायचा तर तो आधी पुरता वाचला पाहिजे, म्हणून बायबल वाचलं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते सोडलं नाही. गप्प बसणं सोपं होतं. काशीतला मान, घर, गोतावळा सगळं शाबूत राहिलं असतं. पण 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केलं. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांची उलटतपासणी केली. त्यातला वेदान्तावरचा मारा मला नको तितका कठोर वाटतो.

मला ते मोठे वाटतात ते नंतरच्या आयुष्यामुळे. शंकांनी त्यांना कधीच सोडलं नाही. 1870 मध्ये ते अँग्लिकन धर्मगुरू झाले, ऑक्सफर्डच्या काउली साधुसंघात उमेदवार म्हणून राहिले, तिथल्या साधूंसारखेच अपरिग्रहाने जगले. पण 1895 मध्ये मुंबईत देह ठेवीपर्यंत संघाची अंतिम व्रतं त्यांनी घेतली नाहीत. लोकांना यात कच्चेपणा दिसेल. मला त्यात शिष्यपण दिसतं: मनात जेवढं पक्कं झालं आहे, त्याहून एक शब्दही जास्त देवापुढे बोलायचा नाही. अशा माणसाच्या शब्दाला वजन येतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचाही वाटा होता.

माझ्या कामातही शब्दाला असंच वजन लागतं: मी बँकेत कर्ज विभागात आहे. मदनपुऱ्यातल्या साडीव्यापाऱ्याला कॅश क्रेडिट दिलं, की ठरावीक काळाने गोदामात जाऊन माल बघायचा, स्टॉक स्टेटमेंटशी ताडायचा आणि तपासणीच्या अहवालावर सही करायची. मार्चअखेरीला कामाचा ढीग असतो. ‘‘कर दीजिए मैडम, पुराना ग्राहक है, माल कहाँ जाएगा?’’ असं वरिष्ठही म्हणतात, आणि बहुतेक वेळा माल खरोखर जागेवर असतो. तरी ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ या ओळीखाली, पाहिल्याशिवाय, माझी सही होत नाही. गल्लीत गाडी जात नाही, चालत जाते. रविवारी उपासनेत मी विश्वासांगीकार मोठ्याने म्हणते. सोमवारी खोट्या ओळीखाली नाव लिहिलं, तर रविवारच्या शब्दांना काय अर्थ राहिला?

पण याचा भार एकट्या माझ्यावर पडत नाही. त्या दिवसांत मला घरी यायला रात्र होते आणि सासूबाई जेवणासाठी खोळंबून राहतात. त्यांनी हे व्रत घेतलेलं नाही. गोऱ्ह्यांच्या घरी तर हे फारच भयंकर झालं. 1853 मध्ये इथेच, काशीत, त्यांना मुलगी झाली, एलन लक्ष्मी. थोड्याच काळात तिची आई वारली आणि वडील पंजाबच्या माजी महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेला गेले. लेकरू एका निळीच्या मळेवाल्या युरोपीय कुटुंबात वाढलं. 1857 च्या उठावात त्या कुटुंबाचंही सर्वस्व गेलं, आणि पुढे एका मिशनरी कुटुंबाने तिला इंग्लंडला नेलं. 1880 मध्ये ती भारतात परतली आणि इथेच सेवेत राहिली. तिची इंग्रजी भक्तिगीतं दूरवर गायली गेली. ती गीतं गोड आहेत, म्हणून बापाने तान्ह्या मुलीला मागे ठेवणं योग्य ठरत नाही. गोऱ्ह्यांचा मी मनापासून आदर करते, तरीही इथे ते चुकले असं माझं मत आहे.

येशूमागे जाताना सोडावं लागतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलं जातं. सोडलेलं माणूस कुठे जातं, कोण त्याला जेवू घालतं, हे कुणी शिकवत नाही. म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना विनंती आहे: आपल्या विश्वासाची किंमत घरात कोण भरतंय, हे आज त्या माणसालाच विचारा, आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या.