मापाऱ्याचा उंट

घाटंजीच्या कापूस बाजारात एक म्हातारा मापारी होता. हंगाम सरला, काटा रिकामा झाला, की तो अडत्याच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून बसे. एक दहावीतला पोरगा त्याच्याशी खेळायला येऊ लागला. इटालियन, स्पॅनिश, सिसिलियन अशा साऱ्या सुरुवाती त्यानं मोबाइलवरून घोकल्या होत्या.

पोरानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मापाऱ्यानं वजिराच्या बाजूचं, अगदी कडेचं प्यादं एकच घर पुढे केलं.

"काकाजी, अशी चाल नसते."

"नसते त नसते. तू खेळ ना बाप्पा."

पुढच्या चालींत मापाऱ्यानं त्याच्या शेजारचं प्यादं हलवलं आणि त्या जागी उंट बसवला. असल्या खेळाचा निकाल लगेच लावायचा म्हणून पोरानं मधलं प्यादं पुढे दामटलं, किल्लेकोट केला, घोडाही हल्ल्यावर पाठवला. उंटाचा तिरपा रस्ता त्यानं आपल्याच हातानं मोकळा करून दिला होता. उंटाच्या जोरावर वजीर थेट राजापुढे येऊन बसला. मात.

रात्री पोरानं शोध घेतला. 1980 साली स्वीडनमधल्या स्कारा इथं इंग्लंडच्या टोनी माइल्सनं हीच पहिली चाल खेळून जगज्जेत्या अनातोली कार्पोवला हरवलं होतं. त्यावरचा तोडही त्यानं पाठ केला.

दुसऱ्या दिवशी मापाऱ्यानं कडेच्या प्याद्याला हातच लावला नाही. शेजारचं प्यादं एक घर सरकवलं. पोराचा तोड वाया गेला, आणि डावही. जुन्या गड्यांची ही खोडच असते, पाठ केलेलं विचारत नाहीत.

"काल वेगळं खेळले, आज वेगळं. माणसानं शिकावं काय?"

"उंट कुठं होता काल?"

"तिथंच."

"अन् आज?"

पोरगा गप्प.

"गाठोडं कोणतंबी असो, आत मूठ घालून पाह्यली का कापूस समजते. तू गाठोडी पाठ करून रायला. मोहरं कुठं जाऊन बसते, कुठं पाहते, थे पाह्य."

तिसऱ्या डावाला मापाऱ्यानं राजापुढचं प्यादं एक घर हलवलं. चाल पुन्हा नवी. पोरानं उत्तर आठवायचं सोडलं आणि काळ्याचा उंट कुठून बाहेर पडेल ते शोधलं. उंट यायच्या आधीच त्यानं मधल्या प्याद्यामागे आपला उंट टेकू म्हणून ठेवला, ते प्यादं पुढे रेटलं नाही, घोडा जागेवरून हलवला नाही. मापाऱ्याचा उंट आला तसा त्या प्याद्यावर अडकून पडला. संध्याकाळपर्यंत डाव चालला आणि बरोबरीत सुटला.

"तुमची पहिल्या दिवशीची चाल कार्पोवलाही भोवली होती, काकाजी," पोरगा म्हणाला.

"मंग? पुढं काय झालं त्याचं?"

"पुढं त्यानं माइल्सला कितीतरी डावांत हरवलं."

"हरवनच," मापारी म्हणाला, आणि नव्या डावासाठी सोंगट्या लावू लागला.