नमुना सही

गेल्या महिन्यात एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या हातातून मोबाइल, कॉम्प्युटर काढून घ्या. पूर्वीसारखे असते तर त्यांनीच तुम्हाला हे सांगितलं असतं." टाळ्या पडल्या. मला टाळी वाजवता आली नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या घरात वापरून पाहिलं आहे.

माझे वडील, अण्णा, बँकेत हेड कॅशियर होते. वय 79. रोज संध्याकाळी सातला ते कॉम्प्युटरसमोर बसतात. दूध, पेपर, इस्त्री असा घरखर्च एक्सेलमध्ये मांडतात आणि बेरीज जुळली की टेबलावर दोनदा टिचकी मारतात. कॅश टॅली झाली. हल्ली दूध एका दिवसात तीनदा लिहिलं जातं, पण टिचकी चुकत नाही.

दोन वर्षांपूर्वी स्क्रीनवर लाल चौकट आली, भोंगा वाजू लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा. अण्णांनी केला. पलीकडच्या गोड आवाजानं एक अ‍ॅप टाकायला लावलं, लांबूनच स्क्रीन ताब्यात घेतली, ओटीपी काढून घेतले. आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करेपर्यंत 42 हजार रुपये गेले होते.

मी इंटरनेट तोडलं आणि "लाइन बिघडलीय" असं सांगितलं. पंधरा दिवस अण्णा रोज विचारत राहिले, माणूस कधी येणार? शेवटी लाइन जोडली, पण माझ्या फोनवर त्यांची स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप गुपचूप टाकून. एका संध्याकाळी ऑफिसात बसून त्यांचा बाण सेलवरून सेलवर सरकताना मी पाहत होतो आणि एकदम पोटात गोळा आला. चोरानं वापरलेलं साधन, चोराचीच पद्धत. या माणसाला विचारायची गरज नाही, हे त्यालाही वाटलं होतं आणि मलाही.

वक्त्यांचं म्हणणं तत्त्वज्ञानात जुनं आहे. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी 1993 साली ते फार ताकदीनं मांडलं: शाबूत बुद्धीनं ठरवलेलं आयुष्याचं स्वरूप नंतरच्या, विसरलेल्या माणसाच्या इच्छेपेक्षा वरचढ. अल्झायमर झालेली, तरीही मजेत जगणारी मार्गो नावाची बाई त्यांच्या चर्चेच्या मध्यभागी आहे. हा युक्तिवाद मला बरीच वर्षं पटत होता. अण्णांनी उमेदीत एक रुपयाची तूट सहन केली नसती, मग त्यांच्या वतीनं मीच कुलूप लावलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते अग्निएश्का यावोर्स्का यांनी 1999 च्या लेखात दाखवलं. आठवण गेली तरी एखादी गोष्ट मोलाची वाटण्याची क्षमता लगेच जात नाही. ती आहे तोवर माणूस स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे. त्याला जे मोलाचं वाटतं ते प्रत्यक्षात आणायला हात कमी पडत असेल, तर तो हात आपण द्यायचा. 'एक रुपयाची तूट नको' हे भूतकाळातल्या अण्णांचं मत आहे असं मी धरून चाललो होतो. ते आजही रोज सातला ते मत जगतात. स्मृतिभ्रंशाचे अभ्यासक टॉम किटवुड यांनी अशा माणसांचं माणूसपण कुरतडणाऱ्या वागणुकीची यादी केली, त्यात फसवणूक आहे. माझी 'बिघडलेली लाइन' त्याच यादीतली.

तरी वक्त्यांना एक गोष्ट द्यायला हवी, आणि हे मला लिहिता लिहिताच उमगलं. पैशाच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. अण्णांना मोल आहे ते जुळणीचं. एफडी मोडण्याच्या अधिकाराचं त्यांना काही वाटत नाही, मग तो स्वातंत्र्याच्या नावानं मी कशासाठी जपू? यंत्रात या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पेन्शनच्या खात्याचं नेटबँकिंग आम्ही बंद केलं, शाखेत अण्णांना सोबत नेऊन, त्यांच्या सहीनं. हाताशी 5 हजारांचं वेगळं खातं. कॉम्प्युटरवर त्यांचं लॉगिन साधं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे, म्हणजे नवं काही टाकायचं तर ते अडतं आणि मला फोन येतो. ब्राउझरच्या नोटिफिकेशन बंद. ज्यांना घरच्यांना ठरावीक रकमेपर्यंतच पैसे खर्चू द्यायचे आहेत त्यांच्यासाठी यूपीआय सर्कल आहे. त्यात प्रत्येक व्यवहाराला आपली मंजुरी लागेल असंही ठेवता येतं.

लपून पाहणारं अ‍ॅप मी काढलं. आता मदत लागली तर "अण्णा, तुमची स्क्रीन बघू का?" असं विचारून बघतो. लोक म्हणतात, उद्या ते विसरणार, मग विचारून उपयोग काय? उद्या पुन्हा विचारायचं. आपण त्यांना रोज जेवायला वाढतोच ना, काल जेवले होते तरी?

मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे. 'पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा, आधी मुलाला विचारायचं.' मजकूर मी सांगितला, लिहिला त्यांनी, खाली सही केली. परवा टिचकी मारून झाल्यावर त्यांचं तिकडे लक्ष गेलं.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच, अण्णा."

त्यांनी चष्मा वर सरकवला, चिठ्ठी काढून दिव्याखाली धरली. चेकवरची सही नमुन्याशी ताडायचे तशी शेवटच्या वळणापर्यंत नजर फिरवली. "सही माझीच आहे," म्हणाले, आणि होती तिथे परत चिकटवली.