वर्ष वाया कधी जाते?

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एका मुलीने मला गाठले. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. आईचे डायलिसिस सुरू झाल्यापासून घर, इस्पितळ आणि कॉलेज यांत तिची ओढाताण चालली आहे. "सर, डिग्रीला तीनऐवजी चार वर्षं घेतली तर चालेल का? मामा म्हणतो, एक वर्ष वाया जाईल."

नियमाचे उत्तर सोपे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पदवीचा कालावधी कमी-जास्त करण्याची योजना जाहीर केली. तीन वर्षांची, म्हणजे सहा सत्रांची पदवी या योजनेत पाच सत्रांत संपवता येते किंवा फार तर दोन सत्रे वाढवून घेता येतात. अभ्यास तेवढाच आणि पदवीची किंमतही तेवढीच. मात्र निर्णय पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी घ्यावा लागतो. आपल्या कॉलेजात ही सोय आहे का, ते ऑफिसात विचारून घे, असे मी तिला सांगितले.

पण मामांचा शब्द माझ्या मनातून जाईना. 'वर्ष वाया गेले' असे आपण किती सहज म्हणतो! आजारी आईजवळ बसून, थोडे थोडे पण समजून केलेला अभ्यास वाया गेला म्हणायचा का? आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड पाठ करून वेळेवर मिळवलेल्या पदवीतली तीन वर्षे मात्र सत्कारणी लागली? वर्षांचा हिशेब नुसता कॅलेंडरवर होत नाही.

तरीही मामा अगदीच चुकीचे नाहीत. आपले शिक्षण आपल्या एकट्याच्या वेळेवर होत नसते. फी भरण्यासाठी वडील ओव्हरटाइम करतात. धाकटे भावंड आपली पाळी येण्याची वाट पाहते. म्हणूनच कर्ज लवकर फेडायचे म्हणून पाच सत्रांत पदवी संपवू पाहणारा मुलगा उतावळा ठरत नाही. उलट नोकरी शोधण्याची भीती वाटते म्हणून एकामागून एक एटीकेटी साचू देणारा आणि घरी 'सगळं ठीक आहे' म्हणणारा मुलगा दुसऱ्यांचा वेळ खर्च करत असतो. त्यांना न विचारता!

मग कसोटी कोणती? मला वाटते, ज्यांच्या कष्टांवर आपण ही वर्षे काढतो, त्यांच्यासमोर बसून आपल्याला खरे कारण सांगता आले पाहिजे. जे कारण सांगताना मान खाली जाते, ते पुन्हा तपासून पाहावे.

मी त्या मुलीला विचारले, "आईला सांगितलंस का?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "नाही. माझ्यामुळे हिचं वर्ष गेलं, असं तिला वाटेल."

तिचा हेतू चांगलाच होता, पण लपवणे इथेही होतेच. आई आजारी असली तरी या निर्णयात तिचा वाटा आहे. लेकीचे प्रेम स्वीकारायचे की 'मी सांभाळीन, तू वेळेवर पूर्ण कर' असे म्हणायचे, हे आईलाही ठरवू द्यायला हवे.

"आज जेवताना बोल," मी म्हणालो. "मामांनाही बोलाव."

आपल्या घरातही असा एखादा निर्णय मुकाट्याने घेतला जात असेल. आज जेवताना विचारून पाहूया.